बोहनीच्या गाडीची फुली

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळचे साडेदहा. काम गोणपाट कापायचं होतं.

रिकाम्या गोण्यांचा ढीग शेडच्या कोपऱ्यात असतो. गोण्या उसवायच्या, दुहेरी घडी घालून दीड-दीड वितीचे चौकोन कापायचे आणि प्रत्येक चौकोनात हातभर नायलॉनची दोरी गुंडाळून ठेवायची. खरं तर हे माझं काम नाही. जळगावच्या एमआयडीसीतल्या एका पाईपच्या यार्डात मी माल रवाना करायचं बघते. कोणता माल कोणत्या गाडीत, कसा रचायचा आणि गाडी फाटकाबाहेर कधी काढायची, हे माझ्याकडे. पण दुसऱ्या कोणी कापलं की तुकडे लहान-मोठे होतात, म्हणून कात्री मीच घेते.

वरची गोणी उचलली आणि खाली टोपली दिसली. टोपलीत अठरा चौकोन होते, दोऱ्यांसकट.

मी ते मोजले. पुन्हा मोजले. अठराच. आदल्या संध्याकाळी सकाळच्या पहिल्या गाडीसाठी मीच कापून ठेवलेले. आणि ती गाडी सव्वाआठलाच फाटकाबाहेर पडली होती.

हे चौकोन कशासाठी ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाईप हा हलका माल, पण जागा फार खातो. म्हणून मोठ्या पाईपात मधला आणि मधल्यात लहान असे एकात एक घालून गाडी भरतात. बाहेरचे पाईप दोरखंडाने आवळलेले असतात, ते हलत नाहीत. आतला मात्र सुटा असतो आणि गुळगुळीत असतो. ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला की तो पुढे सुटतो, आणि पुढे ड्रायव्हरची पाठ असते. म्हणून केबिनकडच्या प्रत्येक तोंडावर गोणपाट ताणून दोरीने आवळायचं, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं. पाईपाच्या त्या टोकाला कॉलर, म्हणजे जाडसर कड असते, तिच्यामागे दोरी बसते. आमच्या यार्डात आता सगळे त्याला दादराच म्हणतात. दादरा म्हणजे काही लोखंडी दार नव्हे, पण आतल्या पाईपाने वेग धरायच्या आधीच तो त्याला थोपवतो. एकदा वेग धरला की मग लाकडाची फळीही थोपवत नाही.

अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका यार्डाची गाडी मी पोलीस ठाण्याच्या आवारात बघितली होती. केबिनच्या मागच्या पत्र्याला वाटीएवढं गोल भोक होतं. सीटच्या पाठीलाही तेवढंच. सीट कोणीतरी धुतली होती आणि वाळावी म्हणून केबिनचं दार उघडं ठेवलं होतं. त्या दिवसापासून आमच्याकडे दादरे मोजून कापले जातात. जितकी तोंडं तितके दादरे. गाडी निघाली की टोपली रिकामी दिसली पाहिजे.

टोपली भरलेली होती.

त्या महिन्यात दादरे बांधायचं काम ॲप्रेंटिसकडे होतं. आमच्याकडे दर वर्षी एक-दोघे ॲप्रेंटिस येतात, सरकारच्या योजनेतून, बारा महिन्यांसाठी. वर्षअखेर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर बाहेर गोदामात, कंटेनर डेपोत नोकरी लागते. आधीचा एकजण आता भुसावळला मालधक्क्यावर चांगल्या पगारावर आहे. या वर्षीची मुलगी बावीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, पाचोऱ्याहून रोज रेल्वेने येणारी. नववा महिना चालू होता. वीस फुटी पाईप आणि गाडीचा हौदा बावीस फुटी, म्हणजे केबिनमागच्या लाकडी फळीपाशी दोन फुटांची फट उरते. त्या फटीत उतरून दादरे बांधायला तिच्याइतकं सडपातळ यार्डात दुसरं कोणी नव्हतं.

मी तिला हाक मारली.

"हे काय आहे?"

तिने वाकून वरचा एक चौकोन उचलला.

"सकाळच्या गाडीचे बांधले नाहीस?"

"मॅडम, मला वाटलं..."

"वाटलं! वाटायला ठेवलंय का तुला इथे?"

तिचा चेहरा गोणपाटासारखा झाला. पुढे बोलायची सवड मी तिला दिली नाही. फोन काढला आणि नानांना लावला.

नाना म्हणजे त्या गाडीचे ड्रायव्हर. एरंडोलजवळच्या खेड्यातले, साठीला टेकलेले. क्लीनर आता मिळत नाहीत, त्यामुळे एकटेच. फोन वाजत राहिला आणि थांबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा लावताना माझ्या लक्षात आलं की ते उचलणार नाहीत. चालत्या गाडीत फोन घ्यायचा नाही, डब्यात ठेवायचा, हा नियम तीन वर्षांपूर्वी मीच केला होता. बाकीचे सगळे तो मोडतात. एक नाना पाळतात. पोहोचल्यावरच फोन करतात, तोही "पोचनू" एवढंच सांगायला.

गाडी गुजरातेत व्याऱ्याला निघाली होती. धुळे, साक्री, दहिवेल आणि मग कोंडाईबारीचा घाट, सगळा उतार. ॲपवर गाडीचा निळा ठिपका दिसत होता. पारोळा मागे पडलं होतं. म्हणजे धुळ्यापर्यंत सरळ रस्ता आणि तिथून दोन-अडीच तासांत घाट.

महामार्ग पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या मुलाने गाडीचा नंबर लिहून घेतला.

"अपघात कुठे झालाय मॅडम?"

"अजून झालेला नाही."

"मग नेमकं काय झालंय?"

"गाडी थांबवायची आहे."

"चोरीची आहे का?"

मी त्याला पाईप, कॉलर, गोणपाट समजावून सांगितलं. "गस्तीच्या गाडीला कळवतो," असं त्याने शांतपणे सांगितलं. त्या शांतपणावरूनच मला कळलं की हे आपल्यालाच करायचं आहे.

धुळ्याच्या बायपासला एक टायरवाले भाऊ आहेत. आमच्या सगळ्या गाड्या त्यांना ओळखतात. त्यांना म्हटलं, रस्त्यावर उभे राहा आणि नानांना अडवा. ते लगेच हो म्हणाले. मी यार्डाची पिकअप काढली. मुलीला शेजारी बसायला सांगितलं. टोपली तिच्या मांडीवर दिली.

शेठजी दुपारपर्यंत भुसावळला होते. त्यांना फोन केला नाही. सांगायला अजून काही घडलेलं नव्हतं.

पिकअप मी दहा वर्षं चालवते आहे. पाळधी ओलांडेपर्यंत ऐंशीचा काटा सोडला नाही. रस्ता चांगला होता आणि तेच वाईट होतं. चांगल्या रस्त्यावर नाना वेगात जाणार, आणि मध्येच कोणाचं वासरू, कोणाची मोटरसायकल, कोणाचा पऱ्हाट्या भरलेला ट्रॅक्टर आडवा आला की ब्रेक मारणार. मी स्वतः ब्रेक दाबला की मला मणक्याशी काहीतरी टेकल्यासारखं वाटायचं. मागे हौद्यात एक रिकामा ड्रम सोडला तर काही नव्हतं. तरी वाटायचं.

मुलगी फोन हातात धरून ठिपका वाचत होती. स्टेशनवर घोषणा करावी तशी.

"फागणे सोडलं."

थोड्या वेळाने, "धुळ्यात शिरले, मॅडम."

मी टायरवाल्या भाऊंना फोन लावला.

"अक्का, नाना आत्ताच गेले."

"गेले? तुम्ही थांबवलं नाही?"

"मी हात केला ना! दोन्ही हात केले. त्यांनीही हात केला. हॉर्न वाजवला, हसले आणि गेले. त्यांना वाटलं असेल मी रामराम करतोय."

एरवी यावर यार्डात आठवडाभर हसले असते. मी फोन ठेवला.

मग मी मुलीवर तोंड सोडलं. एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत बोलत होते. नऊ महिन्यांत काय शिकलीस? एक टोपली रिकामी झाली की नाही एवढं बघता येत नाही? साठ वर्षांचा माणूस पाठ फिरवून बसलाय आणि त्याच्या मागे तू अठरा बंदुका भरून ठेवल्यास. प्रमाणपत्र घेऊन उद्या बाहेर गेलीस तर किती जणांना मारशील? असं बरंच. आता लिहायला बरं वाटत नाही, पण बोलले ते बोलले. भीती असली की मी गप्प बसत नाही, दुसऱ्याला धरते.

पारोळ्याच्या पुढे ती म्हणाली, "मॅडम, फुली होती."

"काय?"

"फाळक्यावर फुली होती. मी ऑफिसातून बिल्टीचा कागद घेऊन परत आले तेव्हा पूर्ण फुली होती. मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कोणाकडून बांधून घेतले."

फुलीचं असं आहे. दादरे बांधणाऱ्याने फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या दारावर, खडूने एक आडवी रेघ ओढायची. मग मी पुढच्या फटीशी जाऊन प्रत्येक तोंडावर काठीने ठोकायचं. बांधलेला दादरा भद्द वाजतो. ढिला असला की आतला पाईप खळ्ळ करतो. सगळे भद्द वाजले की मी उभी रेघ ओढायची. आडवी आणि उभी मिळून फुली. फुली नसेल तर वॉचमन फाटक उघडत नाही. आमच्याकडे ही फुली सहीपेक्षा मोठी.

"आडवी रेघ तू ओढली नव्हतीस?"

"नाही. मी फटीत उतरणार तेवढ्यात तुम्ही मला बिल्टी आणायला पाठवलं."

मी रस्त्याकडे बघत होते. सकाळ आठवायला वेळ लागला नाही.

आमच्या शेठजींच्या घराण्यात पहिल्या गाडीचा मान असतो. बोहनीची गाडी. तिच्या फाळक्यावर यार्डातल्या बाईने कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मग ती गाडी रखडू द्यायची नाही. बोहनी अडली की दिवस अडतो, असं ते म्हणतात. ही मुलगी येईपर्यंत यार्डात बाई मी एकटीच होते, त्यामुळे कुंकवाचं ताट गेली कित्येक वर्षं माझ्याकडे. खडूही त्याच ताटात ठेवते, सापडावा म्हणून. त्या दिवशी आठ वाजून गेले होते, ऑफिसात प्रिंटर अडकला होता, शेठजी भुसावळला निघायच्या घाईत दारात उभे होते. मी मुलीला बिल्टी आणायला पिटाळलं, कुंकू लावलं आणि हात तिथेच होता म्हणून खडू उचलून फुली काढली. दोन्ही रेघा. म्हटलं, पोरगी येईल, बांधेल, मी ठोकेन. ती बिल्टी घेऊन गाडीच्या बाजूनेच येताना दिसली. मला वाटलं, बांधून आली. मी काठी उचललीच नाही.

म्हणजे दोघींनाही वाटलं होतं. पण खडू माझ्या हातात होता.

भीती होतीच, आता तिच्या जोडीला दुसरी आली. आधी मला वाटत होतं की नानांना काही झालं तर ॲप्रेंटिसने केलं असं होईल. आता मी केलं असं होणार होतं. खरं सांगायचं तर ही दुसरी भीती पहिलीपेक्षा लहान नव्हती.

साक्रीच्या अलीकडे ठिपका थांबला. "जेवायला थांबले असतील," मुलगी म्हणाली. मी पुन्हा फोन लावायला सांगितलं. वाजला, उचलला नाही. नाना झाडाखाली सतरंजी टाकून भाकरी खातात आणि फोन डब्यातच राहतो, हे मला माहीत होतं. मी पिकअप नव्वदवर नेली. पंचवीस मिनिटांनी ठिपका हलला. तेव्हा आमच्यात आणि त्याच्यात पस्तीस किलोमीटर होते.

दहिवेलला ते अंतर वीसवर आलं. मग बारावर.

"घाटात शिरले," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मॅडम, ठिपका राखाडी झाला."

घाटात रेंज जाते. हे मला शंभर वेळा माहीत होतं. दर आठवड्याला आमच्या गाड्यांचे ठिपके तिथे राखाडी होतात आणि पलीकडे निळे होतात. आम्ही लक्षही देत नाही. पण त्या दिवशी तो राखाडी झाला आणि राखाडीच राहिला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. एवढ्यात तो पलीकडे निघायला हवा होता.

"उलट दिशेने गाड्या येत नाहीयेत," मुलगी हळूच म्हणाली.

मीही तेच बघत होते. घाटातून वर एकही गाडी येत नव्हती. रस्ता बंद झाला की असं होतं. आणि रस्ता बंद कशाने होतो हे या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे.

घाटाचा पहिला उतार संपला आणि समोर गाड्यांची रांग लागली. मी पिकअप कडेला घेतली, काठी उचलली आणि चालू लागले. मुलगी टोपली घेऊन मागे. खाली उतरून बिड्या ओढणाऱ्या ड्रायव्हरांपैकी एकाला विचारलं, "पुढे काय झालंय?"

"ठोकलं कोणीतरी," तो म्हणाला. "मला बी माहीत नाही."

मी किती गाड्या ओलांडल्या ते सांगता येणार नाही. एका वळणानंतर आमचा फाळका दिसला. हिरवी पट्टी, वर कुंकवाचा ओघळ आणि त्याच्याशेजारी पांढरी स्वच्छ फुली. माझ्या हातची. पुढे केबिनचं दार उघडं होतं.

दार उघडं बघून माझे पाय थांबले. अकरा वर्षांपूर्वीचं ते आवार, ती वाळत असलेली सीट. मला पुढे जाऊन बघायचं नव्हतं. मुलगी माझ्या बाजूने पुढे गेली, पायरीवर चढली आणि आत डोकावली.

"कोणी नाही," ती म्हणाली.

"काय वो अक्का? तुम्ही आठे कशा?"

आवाज पलीकडून आला. नाना रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते. हातात पाण्याची बाटली होती, पण ते पीत नव्हते. नुसती धरली होती.

मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. सदरा कोरडा होता.

झालं होतं ते असं. पुढे वळणावर एका कंटेनरचा टायर फुटून तो आडवा झाला होता, त्यावर एक टेम्पो आदळला होता. दोघांतलं कोणी गेलं नव्हतं. नानांना रांग अचानक दिसली.

"ब्रेक मारा, तं मांगे धाडकन वाजनं," नाना म्हणाले. "मी म्हनं टायर फुटनं. उतरीसन देखं, तं टायर बठ्ठा चांगला."

आम्ही वर चढून बघितलं. तीन आतले पाईप बाहेर आले होते. दोघांनी फळीवर आपटून ती उभी चिरली होती. तिसरा चिरेतून पुढे घुसून केबिनच्या पत्र्याला लागला होता. केबिनमध्ये जाऊन मी सीटमागची गादी उचलली. पत्रा आत फुगला होता, वाटी पालथी घालावी तसा, आणि मधोमध फाटला होता. तिथून सीटच्या पाठीपर्यंत मी बोटं लावून बघितली. चार बोटं.

घाटाचा कडक उतार अजून पुढे होता. रांग नसती, नाना तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या वळणापर्यंत गेले असते आणि तिथे ब्रेक मारला असता, तर बोटं लावायची वेळ आली नसती.

"आज बांधनार कोन व्हतं?" नानांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

मी तोंड उघडलं. त्याआधी मुलगी म्हणाली, "मी, नाना. माझ्याकडून राहिलं."

मी तोंड मिटलं.

कबूल करायची जागा तीच होती, वेळही तीच होती. मी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"पोर नवी शे," नाना मला म्हणाले. "रागे भरू नका तिला."

आम्ही तिघांनी पाईप आत ढकलले. मुलगी फटीत उतरली आणि अठरा दादरे बांधले. चिरलेल्या फळीची कुसळं तिच्या कोपरांत गेली, ती तिने दाताने काढली. मी अठराही तोंडांवर ठोकलं. सगळे भद्द वाजले. मग मी नानांना म्हटलं, यापुढे माझा फोन लागोपाठ तीनदा वाजला तर गाडी कडेला घेऊन उचलायचा. ते म्हणाले, "नियम तुमनाच शे, अक्का," आणि पहिल्यांदा हसले. रस्ता मोकळा झाल्यावर ते हळू उतरत गेले. त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभी होते. कान टवकारून. काही वाजलं नाही.

परतताना दहिवेलला रेंज आली आणि शेठजींचा फोन आला. त्यांना वॉचमनने सांगितलं होतं.

"नाना ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत."

"कोणाकडून झालं?"

मुलगी शेजारी बसली होती. रिकामी टोपली अजून तिच्या मांडीवर होती. फोन स्पीकरवर होता, कारण मी गाडी चालवत होते.

"ॲप्रेंटिसकडून राहिलं," मी म्हटलं.

"मग उद्यापासून तिला बोलावू नका. पेपर करून टाका. असल्या हातात माणसांचा जीव द्यायचा नाही, मॅडम."

"बरं."

धुळं येईपर्यंत तिने टोपलीतले गोणपाटाचे धागे वेचून काढले. मग म्हणाली, "मॅडम, मला स्टेशनवर सोडाल? सव्वाआठची गाडी मिळेल."

मी तिला जळगाव स्टेशनवर सोडलं. ती उतरली, टोपली सीटवर नीट ठेवली, "येते" म्हणाली. रोज म्हणते तसंच. उद्या येणार नव्हती तरी.

घरी जाऊन मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी आवरली. नानांचा फोन आला, "पोचनू." मी बरं म्हटलं. माझी नोकरी, माझं वय, बावीस वर्षं यार्डात मिळवलेला शब्द, हे सगळं मी डोळ्यांसमोर मांडून बघितलं. त्या प्रत्येकाशेजारी चार बोटं दिसत होती. शेठजींचं वाक्य बरोबर होतं. असल्या हातात माणसांचा जीव द्यायचा नाही. फक्त हात कोणाचे हे त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मुलीला फोन केला. "नेहमीच्या गाडीने ये."

"पण शेठजी..."

"ये म्हटलं ना."

पावणेआठला शेठजी ऑफिसात उदबत्ती लावत होते. त्यांची उदबत्ती होईपर्यंत मी दारात थांबले.

"काल मी तुम्हाला खोटं सांगितलं," मी म्हटलं. "दादरे बांधायच्या आधीच फुली मी काढली होती. तिला बिल्टी आणायला मीच पाठवलं. काठी मी मारली नाही."

त्यांनी काडेपेटी टेबलावर ठेवली. "मग आता पेपर कोणाचे करू?"

"माझे करायचे तर करा. तिचे नाही."

"काल का नाही बोललात?"

"भ्याले."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. बाहेर बोहनीची गाडी भरून उभी होती. "आधी गाडी काढा," ते म्हणाले. "मग बोलू."

मी ताट घेतलं, त्यातला खडू काढला आणि तो मुलीच्या हातात दिला. काठीही दिली. कुंकू लावलं. मग साडीचा पदर खोचला, टोपली घेतली आणि फटीत उतरले. मला ती फट फारच अरुंद होती. पाठ फळीला आणि पोट पाईपांना घासत होतं, गुडघा वाकवायला जागा नव्हती. चौदा तोंडं होती. मी चौदाही बांधली आणि घामेजून वर आले. उतरायची पायरी सापडेना, म्हणून मला हौद्याच्या काठावर बसावं लागलं. हमाल खाली उभे राहून बघत होते. कोणी हसलं नाही.

ती वरून वाकून एकेका तोंडावर ठोकू लागली. भद्द. भद्द. नवव्याला थांबली. पुन्हा ठोकलं.

"मॅडम, हा ढिला आहे."

दारात शेठजी उभे होते. बोहनीची गाडी अडली होती.

मी परत फटीत उतरले, गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.